माशाच्या यकृतपेशींवर नाल्याचं पाणी तपासायचं असेल तर

प्रश्न सोलापुरातल्या एका एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "डाइंग युनिटांच्या खालच्या नाल्याचं आणि उजनीचं पाणी आणून त्यात स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारी रसायनं आहेत का, हे माशाच्या यकृतपेशींवर बघता येईल का? एक सर म्हणतात, सरळ टाकीत मासे ठेव. दुसरे म्हणतात, हेप-जी-टू पेशी आण, मासे कशाला मारतेस? मॅडम, पेशी नेमकं काय सांगतील, आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?"

करता येईल. मी वीसेक वर्षं हेच काम करतेय, आणि त्यातलं बरंचसं सोलापूरच्या उन्हाळ्यात. पण एक गोष्ट आधीच मनात पक्की कर. यकृतपेशी म्हणजे लिटमस कागद नव्हे. ती संप्रेरकाचा निरोप ऐकते आणि त्याच वेळी ते संप्रेरक पचवूनही टाकते. तुझ्या प्रयोगात येणारा प्रत्येक आकडा या दोन कामांच्या ओढाताणीतून आलेला असेल. हे विसरलं की निकाल चुकतो. लक्षात ठेवलं, तर या पेशी जे दाखवतात ते दुसरी कुठलीही साधी चाचणी दाखवत नाही.

आधी यकृतच का, ते सांगते. मादीच्या अंडाशयातून इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेन गटातलं मुख्य स्त्री-संप्रेरक, रक्तात येतं, यकृतात पोचतं, आणि यकृत व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवायला लागतं. ते रक्तातून परत अंडाशयात जातं आणि अंड्यातला बलक होतं. गंमत अशी की हे जनुक नरातही जसंच्या तसं असतं, फक्त त्याला जागं करण्याइतकं इस्ट्राडायॉल नराच्या रक्तात नसतं. म्हणून नराच्या यकृतात व्हिटेलोजेनिन दिसलं, तर बाहेरून काहीतरी आलंय. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खाली पिंजऱ्यात ठेवलेल्या ट्राउट माशांच्या रक्तात हे प्रथिन भरमसाठ सापडलं, तेव्हापासून सगळं जग या विषयाकडे वळलं. तीच गोष्ट प्रयोगशाळेतल्या खळग्यांच्या प्लेटमध्ये करता येते: नराच्या यकृतपेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना पाण्याचा अर्क द्यायचा, आणि त्या व्हिटेलोजेनिन बनवतात का ते बघायचं.

हेप-जी-टूचा मार्ग इथे बंद आहे. त्या पेशी माणसाच्या यकृताच्या कर्करोगातल्या. वार असलेल्या सस्तन प्राण्यांनी व्हिटेलोजेनिनचं जनुक उत्क्रांतीत गमावलंय, त्यामुळे ज्याला प्रश्न विचारायचा ते जनुकच त्यांच्याकडे नाही. माशांच्या यकृताच्या तयार पेशीरेषा आहेत, ट्राउटची आरटीएल-डब्ल्यू१ किंवा टॉपमिनो माशाची पीएलएचसी-१. डिझेलचा धूर, जळका कचरा यांतले बहुचक्रीय हायड्रोकार्बन शोधायला त्या उत्तम. सीवायपी१ए हे विकर किती वाढलं ते त्यांच्यात इरॉड चाचणीनं सुबक मोजता येतं. पण इस्ट्रोजेनचं ऐकण्यात त्या मंद असतात. तुझ्या प्रश्नाला ताज्या काढलेल्या पेशीच लागतील. त्यासाठी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधी घे, मासाही पृष्ठवंशीय आहे. आणि "मासे कशाला मारतेस" याचं उत्तर असं: दोनशे ग्रॅमच्या एका माशाच्या यकृतातून अनेक प्लेटा भरतात. वेलमागे, म्हणजे प्लेटमधल्या एकेका खळग्यामागे, पाच लाख पेशी धरल्या तरी २४ वेलच्या प्लेटला एक कोटी वीस लाख पुरतात. टाकीतल्या प्रयोगाला जिथे साठ-सत्तर मासे जातात, तिथे पाच-सहात भागतं.

मासा कुठला, इथे घाई करू नकोस. वाचायला मिळणारी बहुतेक पद्धत ट्राउटवर लिहिलेली आहे, १५ ते १८ अंशांची. रोहू-कटल्यावर ती तशीच चालवायला गेलीस तर पहिल्याच दिवशी अडशील, कारण कार्प कुळातल्या माशांचं यकृत एक गोळा नसतं. ते आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं आणि त्यात स्वादुपिंडाचा भाग मिसळलेला असतो. पेशी सुट्या करताना त्यातली पाचक विकरं सुटली की पेशींची वाट लागते. चिलापीच्या (तिलापिया) यकृतातही स्वादुपिंडाचे धागे असतात, पण निदान गोळा सुटा हाताला येतो, नर ओळखता येतो, २६-२८ अंशांत पेशी खूश असतात, आणि तिचा जीनोम वाचलेला असल्यामुळे पीसीआरसाठी जनुक पकडणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे प्रायमर, करणं सोपं जातं. मी चिलापीच घेते.

पण चिलापी आणायची कुठून? उजनीच्या कोळ्यांकडून नको. त्या धरणात पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांवाटे येतं. ज्याच्यावर पाणी तपासायचं तो मासाच त्या पाण्यात वाढलेला असेल, तर त्याच्या पेशी आधीच जाग्या असण्याचा धोका आहे. मग हॅचरीची घ्यावी, तर तिथे दुसरा सापळा. बाजारात 'ऑल मेल' म्हणून मिळणारं चिलापीचं बीज बहुतेक वेळा पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून मिथाइल-टेस्टोस्टेरॉन देऊन केलेलं असतं. संप्रेरकांचा अभ्यास करायचा आणि मासा संप्रेरकावर पोसलेला! हॅचरीवाल्याला स्पष्ट विचार, "दादा, हे बीज हार्मोन दिलेलं आहे का?" साधं, मिश्र बीज माग, कॉलेजच्या टाकीत वाढव, आणि नर तू स्वतः वेगळे काढ. तिसरी गोष्ट खाद्याची. सोयापेंडीत जेनिस्टीनसारखी वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनं असतात. पेशी काढायच्या आधी काही आठवडे सोया नसलेलं खाद्य दिलंस तर कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी अर्क न दिलेल्या पेशी, स्वच्छ येतील.

पेशी काढण्याची कृती कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये मिळेल, म्हणून सगळी लिहीत नाही. भूल दिलेल्या माशाच्या यकृतात आधी कॅल्शियम नसलेलं द्रावण सोडायचं, म्हणजे पेशींमधले सांधे ढिले होतात. यकृत तांबूस-तपकिरीवरून फिकट पडलं की रक्त निघालं. मग कोलॅजिनेज, आणि ते कॅल्शियमसह, कारण त्या विकराला कॅल्शियम लागतं. लहान माशाच्या शिरेत सुई जात नाही असं बऱ्याच जणांना होतं. तेव्हा यकृत बारीक चिरून कोलॅजिनेजमध्ये हलवत ठेवलं तरी चालतं, फक्त पेशी थोड्या कमी मिळतात.

एका जागी मात्र हात थरथरू देऊ नकोस. यकृताला चिकटून हिरवट पित्ताशय असतं. ते देठाजवळ चिमट्यानं धरून, खालून कापून, आधी बाजूला काढायचं. फुटलं तर पित्त यकृतावर पसरतं, आणि पित्ताचं काम चरबी फोडण्याचं असल्यामुळे ते पेशींची आवरणंच विरघळवतं. तू धुऊन घेशील, पेशी दिसतीलही, पण मेलेल्या पेशींना रंगवणारं ट्रिपॅन ब्लू घातल्यावर निम्म्या निळ्या होतील. ज्या दिवशी पित्ताशय फुटलं त्या दिवशी मी पुढे जात नाही. जिवंत पेशी नव्वद टक्के असल्या तर छान, ऐंशीच्या खाली फेकून द्यायच्या. उरलेल्या चांगल्या दिसल्या तरी त्यांचं संप्रेरक ऐकणं मंदावलेलं असतं.

मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, एल-१५ वापर. त्याला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही, आपल्या कॉलेजांना हे मोठं वरदान आहे. फिनॉल रेड नसलेला घे, कारण त्या रंगद्रव्यातली अशुद्धी इस्ट्रोजेनसारखी वागते. सीरम घालायचंच असेल तर कोळशातून गाळलेलं. इन्क्युबेटर थंड करणारा हवा, साधा गरम करणारा नव्हे. मे महिन्यात इथे बाहेर ४२-४३ अंश असतात, प्रयोगशाळेत ३८. लाइट गेली की तासाभरात २७ चे ३३ होतात. इन्व्हर्टर नसेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घे.

आता एक माझ्यावर गुदरलेली गोष्ट. एका वर्षी इस्ट्राडायॉलचा आलेख काढत होतो. प्लेटमध्ये दोन प्रकारचे कंट्रोल होते: काहीच न घातलेले वेल, आणि फक्त इथेनॉल घातलेले वेल, कारण इस्ट्राडायॉल इथेनॉलमध्ये विरघळवून देतात. काहीच न घातलेले वेल गप्प. फक्त इथेनॉलचे वेल मात्र बोलत होते, व्हिटेलोजेनिनचा आरएनए पाच-सहा पट वर. विद्यार्थ्यांना वाटलं पिपेट चुकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इथेनॉलची बाटली बदलली, तरी तेच. तीन आठवडे गेले. शेवटी लक्षात आलं, की इथेनॉल आम्ही बाटलीतून नव्या आलेल्या प्लास्टिकच्या ट्यूबांत काढून फ्रीजमध्ये ठेवत होतो. काचेच्या छोट्या बाटल्यांत ठेवलं आणि कंट्रोल एका दिवसात गप्प झाले. ट्यूबेतलं काहीतरी इथेनॉलमध्ये उतरत होतं. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सॉननशाइन यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. इस्ट्रोजेन नसताना त्यांच्या स्तनकर्करोगाच्या पेशी वाढायला लागल्या, आणि १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं की पॉलिस्टायरीनच्या ट्यूबांतून नोनिलफिनॉल झिरपत होतं. म्हणून सांगते, दोन्ही कंट्रोल ठेव, आणि अर्क, इथेनॉल, पाण्याचं सॅम्पल, सगळं काचेत. सॅम्पलसाठी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटल्या नेऊ नकोस.

हेच नोनिलफिनॉल तुझ्या नाल्यातही असू शकतं. सुताचं तेल-मेण काढायच्या धुलाईत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट जातीचे साबण जगभर वापरले गेले. सांडपाण्यातले जिवाणू त्यांची शेपटी कुरतडत नेतात आणि मागे नोनिलफिनॉल उरतं, जे मूळ साबणापेक्षा जास्त इस्ट्रोजेनिक असतं. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२१ पासून धुण्याजोग्या कापडांत या साबणाचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या खाली असावं असा नियम लावला. आपले टॉवेल निर्यात करणारे त्यामुळे हे नाव चांगलं ओळखतात. त्यांच्याशी बोल. कुठला साबण चालतो हे कारखान्यातला माणूस तुला पुस्तकापेक्षा नीट सांगेल.

आता मूळ मुद्दा, पचवण्याचा. सोमवारी सकाळी तू वेलमध्ये दहा नॅनोमोलर इस्ट्राडायॉल घातलंस आणि वहीत लिहिलंस 'दहा'. तो आकडा फक्त त्या क्षणापुरता खरा. यकृतपेशी लगेच त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडायला लागतात, म्हणजे ते पाण्यात विरघळावं आणि बाहेर टाकता यावं. मंगळवारी सकाळी त्यातलं थोडंच मूळ रूपात उरलेलं असतं. दोन रसायनांची तुलना करून तू म्हणशील 'अ पेक्षा ब कमजोर', आणि प्रत्यक्षात ब तितकंच ताकदवान असेल, फक्त पेशीनं ते लवकर संपवलं असेल. म्हणून मीडिया दर चोवीस तासांनी बदलून डोस ताजा दे, आणि त्याच वेलमधून थोडा जुना मीडिया काढून मूळ रसायन किती उरलं ते मोज. एचपीएलसीला, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राला, फ्लुरोसन्स डिटेक्टर असेल तर इस्ट्राडायॉल आणि नोनिलफिनॉल दोन्ही दिसतात, मास स्पेक्ट्रोमीटरच हवा असं नाही.

उलटही होतं. मेथॉक्सिक्लोर हे जुनं कीटकनाशक स्वतः इस्ट्रोजेन म्हणून फारच दुबळं. पण यकृत त्याचे मिथाइल गट काढतं आणि जे तयार होतं ते बरंच जोरकस असतं. ज्या यीस्टमध्ये फक्त इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारं प्रथिन, बसवलाय, तिथे असं रसायन जवळजवळ निर्दोष सुटतं, यकृतपेशीत पकडलं जातं. या पेशींचं मोल मला सर्वात जास्त इथे वाटतं. चाचणी सोपी नाही, महाग आहे, मासा लागतो, तरी आम्ही ती करतो ती यासाठी.

रसायन कमी झालं म्हणजे पेशीनंच पचवलं असंही धरू नकोस. ते प्लास्टिकला चिकटतं, उडून जातं. मेलेल्या पेशींचा एक संच शेजारी ठेवायचा: उष्णता देऊन विकरं बंद पाडलेल्या तितक्याच पेशी, तितकंच रसायन, तितकाच वेळ. जिवंतात जे घटलं त्यातून मेलेल्यांत जे घटलं ते वजा केलं, की उरतो तो खरा चयापचय. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१८ मध्ये ट्राउटच्या गोठवलेल्या यकृतपेशींसाठी ३१९-ए ही मार्गदर्शक पद्धत दिली, तिच्यातही अशा निष्क्रिय पेशींचा कंट्रोल आहे. तिथला उद्देश रसायन माशात साठेल की निघून जाईल याचा अंदाज हा आहे, पण नमुने घेण्याची आणि घटीच्या आलेखाचा उतार काढण्याची रीत तुला थेट उपयोगी पडेल.

पेशींचं हे पचवण्याचं बळही टिकत नाही. सपाट प्लेटवर दिवसागणिक सीवायपी विकरं उतरत जातात, चौथ्या-पाचव्या दिवशीची पेशी पहिल्या दिवशीची नसते. न चिकटणाऱ्या भांड्यात हलत्या शेकरवर गोळे होऊ दिले तर काम जास्त दिवस टिकतं, पण ते पीएच.डी.ला ठेव.

आता पाण्याचं गणित, इथे बहुतेक प्रकल्प न कळत शून्यावर येतात. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये २००१ ते २००३ एका तलावात गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनाइल-इस्ट्राडायॉल लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम या प्रमाणात ठेवलं आणि फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशांची संख्या कोसळली. पाच नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ०.०१७ नॅनोमोलर. माझ्या पेशींना स्पष्ट बोलायला एक नॅनोमोलरच्या आसपास लागतं. माशाला महिने मिळतात, त्याच्या अंगात ते साचतं, पेशीला मिळतात चार दिवस. मग आपण पाणी सी-१८ कार्ट्रिजमधून, म्हणजे अशी रसायनं धरून ठेवणाऱ्या नळीतून, गाळून घट्ट करतो. पण बघ: एक लिटर पाण्याचा अर्क एक मिलिलिटर इथेनॉलमध्ये उतरवलास, म्हणजे हजारपट. इथेनॉल पेशींना ०.१ टक्क्यापेक्षा जास्त देता येत नाही, म्हणून मीडियात तो हजारपट पातळ केलास. हजार भागिले हजार, एक! तू परत मूळ नाल्याच्याच पाण्यावर आलीस, आणि निकाल 'काही नाही' असा लिहिशील. पाच लिटर घे, अर्क शंभर मायक्रोलिटरवर आण, मग पेशीला पन्नासपट मिळेल. ०.०१७ चे ०.८५ होतात, म्हणजे ऐकू येईल इतकं.

पन्नासपट इस्ट्रोजेन तसं पन्नासपट विषही. पेशी मेल्या तर व्हिटेलोजेनिन येणारच नाही आणि ते 'इस्ट्रोजेन नाही' असं दिसेल. म्हणून जगण्याची चाचणी त्याच प्लेटमध्ये हवी. आपल्या नाल्याचा रंग इथे आडवा येतो. लाल किंवा जांभळा अर्क एमटीटीचा, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा फुगवतो आणि इरॉडमधल्या रेझोरुफिनचा गुलाबी प्रकाश दाबतो. वाचन घेण्याआधी पेशी दोनदा धू, आणि पेशी नसलेल्या वेलमध्ये फक्त अर्क ठेवून त्याचा आकडा वजा कर.

अजून एक कंट्रोल, तो चुकवू नकोस. काही वेलमध्ये नाल्याच्या अर्काबरोबर ठरावीक इस्ट्राडायॉलही घाल. अपेक्षित उत्तर आलं नाही, तर अर्कातलं काहीतरी आवाज दाबतंय. धुरातली हायड्रोकार्बनं हे करतात, सीवायपी१ए जागवणारा रिसेप्टर इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरचं काम अडवतो. अशा वेळी 'नाही' हे उत्तर लिहायचं नाही, 'सांगता येत नाही' लिहायचं.

मोजायचं कसं? ट्राउटच्या व्हिटेलोजेनिनवरची एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणी) चिलापीला लागू पडेलच असं नाही, पैसे घालवण्याआधी मादीच्या रक्तावर ती चालते का बघ. तुझ्या वेळात आरटी-पीसीआर बरी, ४८ तासांत उत्तर मिळतं. आणि हे लिहून ठेव: एका माशाचे तीन वेल म्हणजे तीन नमुने नव्हेत, एकच. पाच मासे, पाच वेगळे दिवस, तेव्हा पाच.

टाकीवाले सर चूक नाहीत. पेशीला मेंदू नाही, अंडाशय नाही, कल्ले नाहीत. अंडाशयात काय बिघडेल, पिल्लं होतील का, हे ती सांगू शकत नाही. 'या पाण्यात नराच्या यकृताला मादीचा निरोप देणारं काहीतरी आहे' एवढंच ती सांगते. ते उत्तर 'हो' आलं, तर थोडे मासे टाकीत ठेवण्याला अर्थ आहे. आधीच ठेवण्याला नाही.

सुरुवात नाल्यापासून करू नकोस. पहिले दोन महिने फक्त इस्ट्राडायॉल, ०.१ ते १००० नॅनोमोलर, दोन्ही कंट्रोलसह, आलेख तीन वेगवेगळ्या माशांत सारखा येईपर्यंत. मग सॅम्पल. नाल्याचं पाणी एकदाच भरून आणू नकोस. रंगाची टाकी कधी सुटते त्यावर सकाळचं आणि रात्रीचं पाणी वेगळं असतं, तासा-तासाला थोडं घेऊन चोवीस तासांचं एकत्र कर. आणि डाइंग युनिटांच्या वरच्या अंगाचंही एक सॅम्पल घे. त्याच नाल्यात वस्तीचं सांडपाणी आणि गोठ्यांचं पाणीही येतं, आणि बायकांच्या, गाई-म्हशींच्या लघवीतून नैसर्गिक इस्ट्रोजेन उतरतंच. वरच्या सॅम्पलला पेशी जितक्या बोलल्या तितक्याच खालच्याला बोलल्या, तर रंगकामगारांच्या नावानं एक ओळही लिहू नकोस.